मांजरीची जुनाट सर्दी: दर वेळी नवं अँटिबायोटिक का नको, आणि मग काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांजरी चार वर्षांची. अगदी लहान असताना डोळे चिकटलेल्या अवस्थेत सापडली, उपचारांनी वाचली. पण तेव्हापासून वर्षातून पाच-सहा वेळा तिला शिंका सुरू होतात, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो, उजवा डोळा पाणावतो आणि दोन-तीन दिवस ती जेवत नाही. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स होतो, आठवड्याभरात ती बरी होते आणि महिना-दोन महिन्यांत सगळं पुन्हा सुरू. आणखी जोरदार अँटिबायोटिक द्यायचं का, लायसिनचा (पूरक म्हणून दिल्या जाणाऱ्या एका अमिनो आम्लाचा) उपयोग होतो का, हे कायमचं बरं होईल का आणि घरात दुसरं मांजर आणलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

कायमचं बरं होईल का, हे आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. पूर्ण बरं होण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र पाच-सहा वेळांऐवजी एक-दोन वेळा, तेही सौम्य आणि जेवण न सोडता, इथवर बहुतेक मांजरांना आणता येतं. अशी मांजरं पूर्ण आयुष्य जगतात, खेळतात, पंधरा-सोळा वर्षांची होतात. उद्दिष्ट असं बदललं की उपचारांची दिशाही बदलते, आणि माझ्या अनुभवात फरक पडायला सुरुवात तिथूनच होते.

पिल्लाचे डोळे चिकटवणाऱ्या त्या पहिल्या आजारामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक विषाणू असतो: फेलाइन हर्पिसव्हायरस किंवा फेलाइन कॅलिसिव्हायरस. त्यांच्या जोडीला क्लॅमिडिया फेलिस, मायकोप्लाझ्मा, बोर्डेटेला हे जिवाणूही असू शकतात. कॅलिसिमध्ये जिभेवर आणि टाळूवर फोड, हिरड्यांची सूज, कधी अचानक लंगडणं दिसतं. तुमच्या वर्णनात तोंडाचा त्रास कुठेच नाही आणि डोळा मात्र पुन्हा पुन्हा येतो आहे, म्हणून माझा संशय हर्पिसवर आहे. हा विषाणू १९५८ साली पहिल्यांदा वेगळा करण्यात आला. तो माणसाच्या ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूच्याच कुळातला असला तरी मांजराकडून माणसाला होत नाही, त्यामुळे ती काळजी नको.

हर्पिसची खोड अशी की पहिला आजार ओसरला तरी तो शरीरातून जात नाही. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूच्या गाठीत तो निपचित पडून राहतो. लागण झालेल्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त मांजरं अशी आयुष्यभराची वाहक होतात. तिथे तो झोपलेला असताना कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. मांजरीवर ताण आला, दुसरा आजार झाला, बाळंतपण झालं किंवा स्टेरॉइड दिलं गेलं की तो जागा होतो, मज्जातंतूवाटे पुन्हा नाकात आणि डोळ्यात उतरतो.

पण नुसत्या विषाणूने एवढा घट्ट शेंबूड येत नाही. त्याचं कारण नाकाच्या आतल्या रचनेत आहे. मांजराच्या नाकात टर्बिनेट नावाची अतिशय पातळ हाडं असतात, कागदाच्या सुरळ्या एकमेकींत गुंडाळून ठेवाव्यात तशी. त्यांच्यावरचं ओलसर अस्तर हवा गाळतं, ऊब देतं आणि घाण पुढे ढकलतं. पिल्लू असताना हर्पिसचा जबरदस्त झटका बसला तर हे अस्तर आणि खालचं हाडसुद्धा झिजतं. मग नाकात मोकळ्या पोकळ्या आणि वेडेवाकडे कोपरे तयार होतात, त्यात शेंबूड साचतो आणि एरवी नाकात निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू त्या साचलेल्या शेंबडात वाढतात. शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो यामुळे. अँटिबायोटिक हे वाढलेले जिवाणू कमी करतं, म्हणून मांजर काही दिवस बरी दिसते. पण झिजलेलं हाड त्याने परत येत नाही आणि झोपलेला विषाणूही हलत नाही. शिवाय हर्पिसचा असा फेरा अनेकदा एक-दोन आठवड्यांत आपोआपच ओसरतो. सात दिवसांच्या कोर्सनंतर आलेला आराम औषधाचा की वेळेचा, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि श्रेय नेहमी गोळीला मिळतं.

आता एक महत्त्वाची पायरी. चार वर्षं चाललेल्या त्रासावर ‘सर्दीच आहे’ असा शिक्का मारण्याआधी ती खरंच तीच आहे ना, हे एकदा नीट तपासून घ्यायला हवं. शेंबूड दोन्ही नाकपुड्यांतून येतो की एकाच, हे बघा. एका काचेचा तुकडा किंवा छोटा आरसा नाकासमोर धरला की दोन्ही बाजूंनी वाफ धरते का ते कळतं. एकाच बाजूने स्राव असेल, त्यात रक्त असेल, नाकाचा किंवा कपाळाचा आकार एका बाजूला फुगला असेल, तर कथा वेगळी आहे. नाकात अडकलेलं गवताचं पातं, वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू, क्रिप्टोकॉकससारखी बुरशी, म्हाताऱ्या मांजरात लिम्फोमासारखी कर्करोगाची गाठ, ही सगळी ‘सर्दी’ म्हणूनच दाखल होतात. तरुण मांजर झोपेत मोठ्याने घोरत असेल, गिळताना अडखळत असेल किंवा आवाज बदलला असेल तर नाकामागच्या पॉलिपचा, म्हणजे मांसल वाढीचा, विचार करावा. तो निघाला तर आनंदच, कारण ते दुखणं काढून टाकता येतं. आणि शिंका नसून खोकला असेल, मांजर जमिनीसरशी बसून मान पुढे ताणत ढास लागल्यासारखं करत असेल, तर त्रास नाकात नाही, खाली आहे. दमा किंवा फुफ्फुसातले जंत, दोन्ही शक्यता तपासायला हव्यात. त्यांची औषधं पूर्णपणे वेगळी आहेत.

म्हणून तुमच्या व्हेटला एकदा सविस्तर वेळ मागा. तोंड आणि दात नीट पाहणं, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजराची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या दोन विषाणूंची रक्ततपासणी, साधं रक्त आणि लघवी, गरज वाटल्यास क्रिप्टोकॉकसची चाचणी, एवढं पहिल्या टप्प्यात पुरतं. त्यात काही सापडलं नाही आणि त्रास मात्र वाढतोच आहे, तर भूल देऊन सीटी स्कॅन, नाकात दुर्बीण आणि अस्तराचा छोटा तुकडा तपासणीला. त्याच भुलेत नाक सलाईनने जोरात धुऊन काढता येतं. या धुण्याने कित्येक मांजरांना काही आठवडे, कधी काही महिने मोकळा श्वास मिळतो. नाकाच्या टोकावरून घेतलेल्या स्वॅबचं कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून पाहणं, मात्र फारसं उपयोगाचं नसतं. तिथे निरोगी मांजरातही जिवाणू असतात, त्यामुळे अहवालात काहीतरी उगवतंच आणि त्यावरून नवं औषध सुरू होतं. पीसीआरबद्दलही, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीबद्दलही, हेच सांगावंसं वाटतं. हर्पिसचा पीसीआर धडधाकट वाहक मांजरातही पॉझिटिव्ह येऊ शकतो, जिवंत विषाणूची लस नुकतीच दिली असेल तरी येऊ शकतो, आणि विषाणू झोपलेला असताना खऱ्या रुग्णातही निगेटिव्ह येतो. अनेक मांजरं असलेल्या ठिकाणी साथ आली की ही चाचणी कामाची आहे. एकट्या, चार वर्षं शिंकणाऱ्या मांजरीत तिच्या निकालाने उपचार सहसा बदलत नाहीत.

अँटिबायोटिकच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. शेंबूड पातळ आणि पाण्यासारखा असेल, मांजर जेवत असेल, ताप नसेल, तर अँटिबायोटिक नको. लहान प्राण्यांमधल्या संसर्गांवर २०१७ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही नव्याने आलेल्या सर्दीत दहा दिवसांपर्यंत फक्त लक्ष ठेवा असंच सांगतात, मांजर सुस्त नसेल आणि खात असेल तर. घट्ट पिवळ्या शेंबडासोबत ताप, मरगळ, जेवण बंद असं असेल तर औषध द्यावं, आणि पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला. कारण ते क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा आणि बोर्डेटेला या तिघांवरही चालतं. अमॉक्सिसिलिन किंवा सेफालोस्पोरिन गटातली औषधं जिवाणूच्या पेशीभित्तीवर घाव घालतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नसते, त्यामुळे ही औषधं कितीही जोरदार असली तरी त्याला काही होत नाही. याच सेफालोस्पोरिन गटातलं, दोन आठवडे पुरणारं एकच इंजेक्शन सोयीचं वाटतं हे मला समजतं, गोळी देताना ओरबाडे निघतात हेही माहीत आहे. पण सर्दीसाठी ते इंजेक्शन वारंवार वापरणं योग्य नाही.

डॉक्सिसायक्लिन देताना एक गोष्ट कधीही विसरू नका. गोळी किंवा कॅप्सूल कोरडी देऊ नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकून राहते, तिथे जखम करते आणि नंतर नलिका आखडून मांजराला गिळताच येईनासं होतं. गोळी दिल्याबरोबर सिरिंजने पाच-सहा मिली पाणी हळूहळू पाजा किंवा लगेच थोडं ओलं खाणं द्या. क्लॅमिडियाचं निदान पक्कं असेल तर कोर्स चार आठवड्यांचा असतो आणि घरातल्या सगळ्याच मांजरांना द्यावा लागतो. दहाव्या दिवशी डोळा स्वच्छ दिसला म्हणून थांबवलं की तो परत येतो. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं नेहमी दिसणारं औषध. त्याचा डोस दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर मांजराच्या डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. घरात उरलेल्या गोळीचा अंदाजे तुकडा मोडून देण्याचा विचारसुद्धा करू नका.

‘सर्दीचं एक इंजेक्शन द्या, लगेच बरी होते’ अशी मागणी बरेच जण करतात. त्या लगेच बऱ्या होण्यामागे पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने सूज उतरते, मांजर दुसऱ्या दिवशी जेवते, घरचे खूश होतात. पण झोपलेला हर्पिस जागा करायचा असेल तर प्रयोगशाळेत नेमकं हेच औषध देतात. दमा असलेल्या मांजराला स्टेरॉइड लागतं आणि जुनाट नाकदाहाच्या काही निवडक रुग्णांनाही सगळ्या तपासण्या झाल्यावर ते विचारपूर्वक दिलं जातं. नुसत्या शिंका थांबवायला नको. आतापर्यंत दिलेल्या इंजेक्शनांत काय होतं, हे तुमच्या जुन्या केसपेपरवर एकदा पाहा. डोळ्यांच्या थेंबांचंही तेच. पाणावलेल्या डोळ्यावर हर्पिसने केलेला व्रण असू शकतो, त्यावर स्टेरॉइडचे थेंब पडले तर व्रण खोल जातो. मांजरी डोळा मिटून घेत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्याची रंग टाकून तपासणी करून घ्या.

विषाणूवर थेट चालणारं औषध आहे: फॅमसायक्लोविर. तोंडाने द्यायचं असतं, हर्पिसच्या मांजरांमध्ये त्याचा खरोखर उपयोग होतो, विशेषतः डोळ्यांचा त्रास जास्त असेल तेव्हा. दिवसातून दोन किंवा तीनदा द्यावं लागतं, वजनाच्या प्रमाणात डोस माणसाच्या मानाने बराच मोठा असतो आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तो बदलावा लागतो. त्रास सुरू झाल्या झाल्या दिलं तर फायदा जास्त, पाचव्या-सहाव्या दिवशी दिलं तर कमी. याच कुळातली असायक्लोविर आणि व्हॅलासायक्लोविर ही माणसांची औषधं मांजराच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका. त्यांनी अस्थिमज्जा, यकृत, मूत्रपिंड निकामी होऊन मांजरं दगावली आहेत. नावं जवळपास सारखी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

लायसिनबद्दल विचारलंय. बरीच वर्षं ते सर्रास दिलं जायचं. कल्पना अशी होती की लायसिन वाढलं की विषाणूला लागणारं आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडेल. २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: मांजरांमध्ये लायसिनचा प्रतिबंधालाही उपयोग नाही आणि उपचारालाही नाही. उलट काही अभ्यासांत लायसिन दिलेल्या मांजरांचा त्रास वाढलेला दिसला. आर्जिनिन मांजराला जगायला आवश्यक आहे, ते कमी करण्याच्या मागे लागणंच चूक. ते पैसे ओल्या खाण्यावर खर्च करा.

आता घरातली काळजी. हा भाग औषधांपेक्षा कमी महत्त्वाचा वाटतो, पण जुनाट सर्दीच्या मांजराचं भलं सर्वांत जास्त यानेच होतं.

नाक मोकळं ठेवणं हे पहिलं काम. घट्ट शेंबूड पातळ झाला की मांजर तो स्वतः शिंकून काढते. साध्या सलाईनची, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याची, नेब्युलायझरने वाफ द्या. मांजरीला तिच्या नेहमीच्या कॅरिअरमध्ये बसवा, वरून हलका टॉवेल टाका, एका बाजूने हवा खेळती ठेवा आणि नळी जाळीजवळ धरा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आधी काही दिवस मशीन बंद ठेवून तिला शेजारी बसवा आणि आवडीचं काही खायला द्या, मग नुसता आवाज, मग वाफ. आजारी पडल्यावर पहिल्यांदाच मशीन काढलं तर ती घाबरते आणि ताण वाढतो. म्हणून ही सवय ती बरी असतानाच लावायची. नेब्युलायझर नसेल तर गरम पाण्याचा नळ सोडून न्हाणीघर वाफेने भरा आणि तिला घेऊन दहा मिनिटं बसा. गरम पाण्याचं भांडं तिच्यासमोर ठेवू नका, भाजण्याची भीती असते. वाफेनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने नाक आणि डोळे पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. सुकलेली खपली ओढून काढू नका, ती मऊ होईपर्यंत बोळा नुसता टेकवून ठेवा.

वाफेत काहीही मिसळायचं नाही. निलगिरी, कापूर, पुदिन्याचा अर्क, टी ट्री तेल, छातीला चोळायची बामं, ही सगळी मांजरासाठी विषारी ठरू शकतात. त्यांच्या यकृताला असे पदार्थ निकामी करून बाहेर टाकणं जमत नाही आणि अंगावर पडलेलं सगळं ती चाटून पोटात घेतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारी औषधं एकत्र असतात, म्हणून त्या मांजराच्या आसपासही नकोत.

दुसरं काम जेवण चालू ठेवण्याचं. मांजर वासावर जेवतं. नाक बंद म्हणजे समोरचं खाणं तिच्या दृष्टीने खाणंच नाही. आणि मांजराचं उपाशी राहणं कुत्र्यासारखं खपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते, ते निकामी व्हायला लागतं, आणि मूळ सर्दीपेक्षा हा आजार कितीतरी घातक असतो. गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. तुमची मांजरी दोन-तीन दिवस जेवत नाही, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी त्या वाक्याची वाटली.

तेव्हा वाफ दिल्यानंतर लगेच, नाक मोकळं असताना, जेवण द्या. उग्र वासाचं ओलं खाणं अंगाइतकं कोमट करा, साधारण ३७-३८ अंश. थोडं थोडं, वारंवार. न खाल्लेलं अर्ध्या तासाने उचला, वाटी तिच्यासमोर तशीच ठेवू नका. सिरिंजने जबरदस्तीने भरवायला मी सहसा सांगत नाही. बंद नाकाचं मांजर तोंडाने श्वास घेत असताना अन्न श्वासनळीत जाऊ शकतं, शिवाय त्या खाण्याचा तिला कायमचा तिटकारा बसतो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटकडे जा. मिर्टाझापिनसारखी भूक वाढवणारी औषधं आहेत, दुखत असेल तर वेदनाशामक आहेत, शिरेतून किंवा कातडीखाली सलाईन देता येतं. आजार लांबला तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात. नळीचं नाव ऐकून लोक दचकतात, पण मांजरं ती सहज सहन करतात आणि तिच्यातून औषधंही देता येतात, म्हणजे रोजची झटापट संपते. आणि तिचं वजन आठवड्यातून एकदा घरच्या काट्यावर करून लिहून ठेवा. अंगावरच्या केसांमुळे उतरलेलं वजन डोळ्यांना दिसत नाही.

तिसरी गोष्ट ताण. इथे एक साधी वही फार मोठं काम करते. ताण येणं आणि विषाणू बाहेर पडायला लागणं यांत साधारण आठवड्याचं अंतर असतं, चार ते अकरा दिवसांचं म्हणा. त्यामुळे शिंका सुरू झाल्या की आपण आदल्या दिवशी काय घडलं ते आठवतो, खिडकी उघडी होती, गार फरशीवर झोपली, आणि खरं कारण निसटतं. त्याऐवजी दर वेळी मागचा आठवडा-दीड आठवडा आठवून लिहा. पाहुणे आले होते का, तुम्ही बाहेरगावी गेला होतात का, घरात रंगकाम किंवा फर्निचरची हलवाहलव झाली का, खिडकीबाहेर नवा बोका घिरट्या घालत होता का, लिटर (तिच्या शौचाच्या पेटीतली माती) बदललं का, व्हेटची भेट झाली का. चार-पाच फेऱ्यांनंतर बहुतेक घरांत एक सूत्र दिसू लागतं. सूत्र सापडलं की ते टाळता येतं किंवा त्याची तयारी ठेवता येते. बाहेरगावी जाताना मांजरी बोर्डिंगला ठेवण्याऐवजी ओळखीचं माणूस घरी येऊन जेवण देईल अशी सोय केल्यावर फेरे निम्म्यावर आलेली कितीतरी मांजरं मी पाहिली आहेत. उंचावर बसायची एक जागा, आत लपता येईल असं खोकं, जेवण आणि लिटर एकमेकांपासून लांब, दिवसाच्या ठरलेल्या वेळा, एवढ्यावर मांजर निवांत होतं. धूर, सुगंधी फवारे आणि धूळ उडणारं लिटर घरातून काढून टाका. आधीच झिजलेल्या नाकाला ते सोसत नाहीत.

लस नियमित द्या. हर्पिस आणि कॅलिसिवरची लस लागण थांबवत नाही, आधीच शरीरात असलेला विषाणू घालवतही नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती मधल्या काळात लसीला निष्प्रभ करते. नंतर वय सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान असताना एक डोस. मोठ्या मांजराला दर तीन वर्षांनी, आणि इतर मांजरांशी वरचेवर संपर्क येत असेल तर दरवर्षी. तुमच्या मांजरीला शिंका सुरू असताना लस देऊ नका, फेरा ओसरून दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

काही लक्षणांत घरी थांबायचं नसतं. मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या झाल्या असतील, गाढ झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास मोजले जात असतील (एरवी ते तिसाच्या आत असतात), पोट प्रत्येक श्वासाला आत ओढलं जात असेल, तर रात्र असो की पहाट, निघा. अशा मांजराला वाफेसाठी कोंडू नका, बळजबरीने धरूही नका.

राहिला दुसऱ्या मांजराचा प्रश्न. तुमची मांजरी वाहक आहे असंच धरून चाला. फेऱ्याच्या वेळी एक-दोन आठवडे ती विषाणू बाहेर टाकेल, आणि शिंकेचे थेंब एक-दोन मीटरपर्यंत जातात. हर्पिस शरीराबाहेर अठरा तासांच्या वर टिकत नाही आणि साध्या साबणाने मरतो. कॅलिसि असेल तर तो महिनाभर टिकू शकतो आणि त्याला सौम्य केलेलं ब्लीचच लागतं, अल्कोहोलने तो खात्रीने मरत नाही. लस पूर्ण झालेल्या धडधाकट मोठ्या मांजराला यातून सहसा हलका त्रासच होतो. लस अपुरी असलेलं पिल्लू किंवा एफआयव्ही, ल्युकेमिया असलेलं मांजर मात्र या घरात आणू नये. माझ्या मते मोठा धोका उलट दिशेने आहे. नवं मांजर हा तुमच्या मांजरीसाठी वर्षातला सर्वांत मोठा ताण असेल. म्हणून आधी सहा महिने फेरे आटोक्यात आणा. त्यानंतरही आणायचं ठरलं तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी, लिटर, कपडे सगळं स्वतंत्र. दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स, वेगवेगळ्या ठिकाणी. आधी एकमेकांचा वास, मग दारातून दर्शन, मग थोडा वेळ एकत्र. नवं मांजर आल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत तुमच्या मांजरीला शिंका आल्या, तर नव्याने आजार आणला असं लगेच धरू नका. बहुधा तिचाच जुना विषाणू जागा झालेला असेल. त्या पंधरा दिवसांसाठी सलाईन आणि ओलं खाणं घरात भरून ठेवा आणि फॅमसायक्लोविर हाताशी ठेवायचं का, हे तुमच्या व्हेटला आधीच विचारून ठेवा.